राब पेटतो तेव्हा

भाताचं पीक पावसाळ्यात दिसतं, म्हणून त्याचं कामही पावसाळ्यातच असतं असा सार्वत्रिक समज आहे. या अंकाच्या संपादकांनीसुद्धा "भातवाल्यांना उन्हाळ्यात काम काय असतं?" असं विचारूनच लेख मागितला. भाताच्या रोपवाटिकेवर सगळी नोकरी घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न टोचतो. मृग लागतो तोवर त्या वर्षीच्या पिकाचं बरंच काही ठरून गेलेलं असतं.

वसई म्हटलं की लोकांना केळी, पानवेली, फुलं आठवतात. ती पश्चिम पट्ट्यातली वाडी. रेल्वेच्या पूर्वेला, शिरसाड, पारोळ, भाताणे, मेढे या बाजूला तानसा नदीच्या आसपास अजून भात आहे आणि घरच्या माणसांवर चालणारी शेती आहे. तिथे होळीनंतर दिवस पहाटेच सुरू होतो, कारण दहाच्या पुढे अंगावर ऊन घेववत नाही. वाल निघालेला असतो, तो झोडपून, पाखडून ठेवायचा. पेंढा माळ्यावर चढवायचा. खेकड्यांनी आणि उंदरांनी पोखरलेले बांध खणून, ढेकळं ठोकून पुन्हा बसवायचे. घरातल्या बाया गोवऱ्या रचतात, सुकट-जवळा भरून ठेवतात, बियाण्याचं भात उन्हात घालून निवडतात. आणि या सगळ्यात राब.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोपं जिथे वाढवायची त्या तुकड्यावर शेणाचा थर, त्यावर टहाळ, पालापाचोळा, मग वाळलं गवत आणि सगळ्यांवर बारीक मातीचा पातळ थर. वारा जिकडे वाहतो त्या टोकाला विस्तव लावतात, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकते. ज्वाळा उठता कामा नयेत, धुमसलं पाहिजे. वरचा मातीचा थर त्यासाठीच. जाणता माणूस कडेला बसून, जिथे भडका दिसेल तिथे मूठभर माती टाकत राहतो. हे कौशल्याचं काम आहे आणि मी ते अनेकदा थक्क होऊन पाहिलं आहे.

गेल्या हंगामातली एक गोष्ट मनातून जात नाही. पारोळच्या बाजूच्या एका कुटुंबाने राब भाजला नाही. शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींतून धुराची तक्रार झाली होती, आणि भांडण नको म्हणून घरातल्या आजोबांनी नुसती नांगरट करून धूळवाफेवर बी पेरलं. जुलैमध्ये मी गेलो तेव्हा लावणी उरकली होती आणि राबात ज्याचं बी भाजून गेलं असतं ते सावा नावाचं तण खाचरात भाताच्या बरोबरीने उभं होतं. कोवळेपणी सावा आणि भात सारखेच दिसतात. फरक पाहायचा तर पान जिथे खोडाला मिठी मारतं तिथे बोटाने ते मागे वळवायचं. भाताला तिथे पांढरी, पातळ जिभली असते, साव्याला नसते. रोप उपटणाऱ्या बाईने वाकून, पावसात, हे प्रत्येक काडीला कसं पाहायचं? जुड्यांमधून तण घरच्याच हातांनी खाचरात लावलं गेलं. पुढची बेणणी त्या घराला झेपली नाही.

तक्रार करणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही. घरात दम्याचं मूल असेल तर धूर धूरच असतो. पण राब म्हणजे दिल्लीच्या बातम्यांत दिसणारी पराळी, हे समीकरण साफ चुकीचं आहे. पराळीत अख्खी शेतं पेटतात. एक हेक्टर लावणीला दहा गुंठ्यांची रोपवाटिका पुरते. म्हणजे भाजतात तो एक दशांश भाग, तोही वर्षातून एकदा.

हा वाद जुना आहे. 1880 च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत वनखात्याने टहाळ तोडण्यावर बंधनं घातली आणि रयत बिथरली. त्याच्या चौकशीला सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्याचा अहवाल 1887 चा. राब म्हणजे अडाण्यांची जंगलतोड, असं म्हणणारे साहेब तेव्हाही होते. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा प्रयोगशाळेच्या शिस्तीने अभ्यास करून 1912 मध्ये तो प्रसिद्ध केला. राबाचा गुण नुसत्या राखेत नाही, मातीला बसलेल्या चटक्यातही आहे, ही गोष्ट त्या कामाने पुढे आणली. माती तापली की तिच्यातलं नत्र अमोनियाच्या रूपात मोकळं होतं आणि सूक्ष्मजीवांचा तोल बदलतो. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला रसेल आणि हचिन्सन यांनी 1909 मध्ये तापवलेल्या मातीत हेच दाखवलं होतं. वरच्या थरातलं तणाचं बी भाजून जातं. राखेतून पालाश आणि सिलिका मिळते. लव्हाळ्याच्या खोल गाठींना मात्र राब पोचत नाही.

अशी एकात चार कामं करणारी पद्धत बंद करायची, तर चारही कामांची सोय लावून द्यायला हवी. काही सोयी आहेत. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या मातीत मिसळतात. तिच्यातल्या सिलिकेने रोप ताठ आणि काटक होतं. तणासाठी पारदर्शक प्लास्टिकचा उपाय आहे. वाफा भिजवून, त्यावर कागद ताणून, कडा मातीत गाडून एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे ठेवायचा. माती ओली असावी लागते, कारण कोरडं बी उष्णता सोसतं आणि ओलं मरतं. इथेच माझी खात्री डळमळते. एप्रिलात पूर्व पट्ट्यातल्या विहिरी तळाला जातात. वाफा भिजवायला पाणी आणायचं कुठून? आणि पावसापूर्वी निघालेल्या त्या प्लास्टिकचं करायचं काय?

राबाचा कच्चा माल जिथून यायचा ती वरकसही गेली. 1948 च्या कुळकायद्यात वरकस जमिनीची व्याख्याच भातशेतीच्या राबासाठी वापरायची जमीन अशी केली होती. महसुलाच्या कागदावर ती हलक्या प्रतीची, म्हणून चाळी, गाळे आणि इमारती आधी तिच्यावरच आल्या. आता टहाळ मिळत नाही, गुरं कमी झाल्याने शेण पुरत नाही, त्यात धुराची तक्रार. शेतकरी राब सोडतोय तो कुणी पटवून दिलं म्हणून नाही, कोंडी झाली म्हणून. याचा मला राग येतो. आम्ही विद्यापीठवाले गादीवाफ्याची शिफारस छापून मोकळे होतो, पण ज्याचा राब बंद पडला त्याच्या बांधावर एप्रिलमध्ये कुणी जात नाही.

म्हणून शेतकऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या मेमध्ये एका कोपऱ्यात दोन वाफे शेजारीशेजारी करा. एक नेहमीसारखा भाजा, दुसऱ्यात तुसाची राख घालून, पाणी असेल तर प्लास्टिक घाला. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात दोन्हींतलं हातभर चौरसातलं तण उपटून मोजा आणि आकडे तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे लिहून द्या. आणि नव्या इमारतींत राहायला आलेल्या वाचकांनो, तक्रारीचा फोन करण्याआधी खाली उतरून त्या शेतकऱ्याला राबाचा दिवस आणि वेळ विचारा. वारा पाहून तो वेळ बदलू शकतो. बहुतेक जण बदलतातही.