पुन्हा प्यायलो, आता चर्चला कसा जाऊ?

वसईचे माझे एक ख्रिस्ती पेशंट आठ महिने दारूपासून लांब होते. नाताळात पुन्हा प्यायले आणि लाजेने चर्चला जाणेच सोडले. मी त्यांना डॉ. बॉब स्मिथ यांच्याविषयी सांगितले. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चे हे सहसंस्थापक ख्रिस्ती प्रार्थनागटात जात, तरी पीत. १९३५ मध्ये दारू सोडली आणि काही आठवड्यांतच घसरले. त्या जूननंतर मात्र १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते प्यायले नाहीत.

व्यसन हा आजार आहे. तो उलटला म्हणजे श्रद्धा खोटी ठरत नाही. प्रार्थनेने धीर येतो, औषधांनी तलफ कमी होते. मी दोन्ही चालू ठेवायला सांगतो. रोज पिणाऱ्यांनी मात्र दारू एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना भेटा.