शून्य क्रमांकाचा थर

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या घरी माळा साफ करण्याचा समारंभ निघतो. मी शिडीवर, सौभाग्यवती खाली, आणि आई खुर्चीत बसून प्रत्येक वस्तूला अभयदान देत असते : "राहू दे रे, कधीतरी लागेल!" यंदा मात्र मी त्या माळ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिले. त्याचे कारण घडले कोल्हापूरच्या उद्यमनगरात.

मी पेशाने ड्राफ्ट्समन. बोर्ड, ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटचा नाकाला झोंबणारा दर्प, यांत माझे तारुण्य गेले. पुढे १९८२ साली अमेरिकेत जन्मलेला ऑटोकॅड यथावकाश माझ्याही टेबलावर येऊन बसला. त्यात एकाच ड्रॉइंगचे अनेक थर करता येतात. आम्ही त्यांना लेयरच म्हणतो. बाह्यरेषा एका थरावर, मापे दुसऱ्यावर, मध्यरेषा तिसऱ्यावर. जणू एकावर एक अंथरलेले ट्रेसिंग पेपरच! माझ्या थरांची नावे होती 'नवीन', 'नवीन २', 'शेवटचा' आणि 'खरा शेवटचा'.

एका पंपाच्या ड्रॉइंगमध्ये असे शंभरावर थर साठले. संगणक मुंगीच्या पावलांनी चालू लागला. मी अर्थातच संगणकाला दोष दिला. तेव्हा शेजारचा, नुकताच पॉलिटेक्निकमधून आलेला पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही नको ते थर नुसते 'ऑफ' करता. 'फ्रीझ' का करत नाही?" ऑफ केलेला थर दिसत नाही, पण चित्र नव्याने उभे करताना यंत्र त्याचा हिशेब करीतच राहते, फ्रीझ केलेला हिशेबातूनच जातो. म्हणजे अडगळीवर पडदा ओढणे निराळे आणि ती माळ्यावर टाकणे निराळे!

मग काय, नवशिक्याच्या उत्साहाने मी दिसेल तो थर गोठवीत सुटलो. ड्रॉइंग सुसाट पळू लागले. प्रिंट पॅटर्नवाल्या मिस्त्रींकडे गेली आणि संध्याकाळी मिस्त्री स्वतःच दारात उभे.

"सायेब, मशिनिंगला माल कुठं ठेवलायसा ह्यात? लेथवर काय वारं कापायचं?"

माझ्या पोटात गोळा आला. ओतीव लोखंड निवताना शेकडा सुमारे एक आकसते, तेवढी वाढ मिस्त्री आपल्या खास पट्टीने धरतात. परंतु कातण्यासाठी ठेवायचे ३ मिलिमीटर मी 'नवीन २' वर काढले होते आणि तोच गोठवला होता! हे म्हातारे नसते आले, तर त्या पॅटर्नवर ओतलेला सारा माल पुन्हा भट्टीत गेला असता. मी त्यांना चहा पाजला. त्यांनी दोन घेतले, आणि ते रास्तच होते.

त्या रात्री जागून प्रत्येक थराला त्याच्या कामाचे नाव दिले. रिकामे थर 'पर्ज' करून झाडून काढले. शून्य क्रमांकाचा थर तेवढा राहिला. तो काढता येत नाही, त्याचे नावही बदलता येत नाही.

यंदा माळ्यावरच्या प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी चिकटवली आहे. गेल्या वर्षी दोन दिवस शोधलेला चकलीचा सोऱ्या पहिल्या हातातच सापडला. आईचे एक जुने बोचके मात्र होते तिथेच आहे. त्याला चिठ्ठी लावायला गेलो, तर ती नुसती चष्म्यावरून पाहू लागली. मी मुकाट्याने शिडी उतरलो.