तुम्ही काम काय करता?

विटा-खानापूर भागातील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पांगली आहेत. माझे मामाही तरुणपणी असेच बंगळूरला आले. नगरथपेठेतील एका अरुंद गल्लीत त्यांची छोटीशी खोली होती. तेथेच भट्टी, तेथेच मूस आणि तेथेच नत्राम्लाचे भांडे. अशुद्ध सोन्यातील तांबे-चांदी आम्लात विरघळू लागली, की तांबूस धूर वर येई. सुट्टीत मी तेथे जात असे. त्या धुराचे मला मोठे नवल वाटे. घशाला मात्र चटका बसे. मामा हसून म्हणत, "सवय होते, बाळ."

सवय झाली नाही, दमा जडला. चाळिशीत मामांना रात्री अंथरुणात उठून बसावे लागे. छातीतून शिट्टीसारखा आवाज येई. घराण्यात कोणालाही दमा नव्हता. कोणी बंगळूरच्या थंड हवेला दोष दिला, कोणी गाजरगवताच्या परागांना. औषधे चालूच होती. गुण येत नव्हता.

अखेर एका वृद्ध डॉक्टरांनी छाती तपासण्यापूर्वीच विचारले, "तुम्ही काम काय करता?" आणि मग, "गावी गेल्यावर कसे वाटते?" मामा क्षणभर थांबले. दिवाळीत पंधरा दिवस गावी राहिले, की श्वास मोकळा होई. त्याचे श्रेय ते आजवर गावच्या पाण्याला देत आले होते.

हा प्रश्न जुनाच आहे. रोग्याला त्याचा धंदा अवश्य विचारावा, असे इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात १७०० साली लिहून ठेवले. प्रौढांमधील दम्याच्या सुमारे सहा रुग्णांपैकी एकाच्या दम्याला कामाच्या जागेचा हातभार असतो, असे आजचे तज्ज्ञ मानतात. बेकरीतील पिठाची धूळ, रेशीम कारखान्यातील सूक्ष्म कण, मोटारींवर फवारला जाणारा रंग ही त्याची काही कारणे. कारण लवकर ओळखून त्यापासून दूर झाल्यास दमा पुष्कळदा आटोक्यात येतो. उशीर झाल्यास तो जन्माचा सोबती होतो.

पण पोट ज्यावर चालते, ते काम सोडायचे कसे? मामांना ते जमले नाही. त्यांनी कर्ज काढून धूर बाहेर ओढणारा पंखा बसवला. त्रास कमी झाला, पुरता गेला नाही. पुढे गावाकडून नवा मुलगा कामाला आला, की मामा त्याला मूस दाखवण्याआधी पंख्याचे बटण दाखवत.

धाप लागून आपण कधी दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये. आपले काम आपणच सांगावे.