काही जाहीर करायचं आहे का?

शिकागोच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ उभा होतो. पुढच्या विमानाला एक तास पन्नास मिनिटं उरली होती आणि माझी बॅग इथे येणार की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. मुंबईच्या काउंटरवर सांगितलं होतं, बॅग थेट शेवटच्या गावी मिळेल. टॅगवरही त्याच गावाचं नाव होतं. दोह्यात विमान बदललं तेव्हा फक्त सुरक्षा तपासणी झाली, ना शिक्का, ना सामान. मग इथेही तसंच असेल, असं मी धरून चाललो होतो.

तसं नसतं. अमेरिकेत ज्या विमानतळावर आपण पहिल्यांदा उतरतो तिथेच इमिग्रेशन होतं. तिथेच बॅग उचलायची, कस्टम्समधून स्वतः न्यायची आणि बाहेर पडल्यावर पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवायची. टॅगवर काहीही लिहिलेलं असो. माझ्या शेजारी पुण्याचा एक मुलगा उभा होता, त्याला हे सगळं पाठ होतं. त्याचा मामा पंधरा वर्षं तिथे राहतो. माझा मामा ऊसतोडीला जातो. कारखान्यावर कोणत्या मुकादमाकडून उचल घ्यायची नाही, हे तो मला नक्की सांगू शकला असता. गुणवत्ता गुणवत्ता म्हणतात ना, त्यातली निम्मी अशी मामाकडून मिळालेली असते.

इमिग्रेशनच्या खिडकीवर माझी आधीच फजिती झाली होती. अधिकाऱ्याने विचारलं, पैसे कोण देणार? मी अभिमानाने शिष्यवृत्तीचा शासन निर्णय पुढे केला. तो मराठीत! त्याने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. इंग्रजी पत्र कुठे होतं? मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या खाली. नशीब, आय-ट्वेंटीवर खर्च कोण करणार ते लिहिलेलं होतं. बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, सोडलं.

खरा प्रश्न पुढे होता. बॅगेत आईने दिलेल्या चान्या होत्या. म्हशीच्या मांसाच्या, पत्र्यावर वाळवलेल्या. (2015 च्या कायद्यानंतर आमच्याकडे गाय-बैलाचं नाव काढायची सोय उरलेली नाही, तेव्हा कुणी भुवया उंचावू नयेत.) सोबत सुके बोंबील आणि लोणचं.

कस्टम्सवाल्याने विचारलं, खाण्याचं काही आहे? मांस?

माझ्या जिभेवर ‘नो’ तयार होतं. पुण्यात तीन वर्षं खोली करून राहिलो. घरमालकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘व्हेज ना?’ मी ‘हो’ म्हटलं होतं. तीन वर्षं खिडकी लावून अंडी उकडली, टरफलं कागदात गुंडाळून चौकातल्या कुंडीत टाकली. खाणं लपवायचं, आडनाव पुटपुटायचं, भिंतीवर फोटो लावायचा की नाही याचा विचार करायचा, या शिक्षणाची पदवी कुठलंच विद्यापीठ देत नाही. पुण्याचा मुलगा मागून हळूच म्हणालाही, ‘सांगू नकोस, कोण बघतंय!’

बाबासाहेबांच्या लहानपणचा प्रवास आपल्याला माहीत आहे. वडिलांकडे जाताना मसूर स्टेशनवर स्टेशनमास्तरने विचारलं, तुम्ही कोण? मुलांनी सहज खरं सांगितलं आणि त्याचा चेहरा पालटला. त्याच रात्री नाक्यावर पाणी मिळावं म्हणून मुसलमान असल्याचं सांगावं लागलं. तरी पाणी मिळालं नाहीच. साल 1901. नाक्यावर खरं बोललं की काय होतं, हे आपल्या समाजाला तेव्हापासून, किंबहुना त्याच्या कितीतरी आधीपासून कळलेलं आहे.

मी ‘येस’ म्हणालो. नक्की का म्हणालो, सांगता येणार नाही. धैर्यापेक्षा व्हिसा जाण्याची भीती जास्त असेल.

मला बाजूच्या तपासणीला पाठवलं. बॅग यंत्रातून गेली. हातमोजे घातलेल्या बाईंनी चान्यांची पिशवी काढली. कुठला प्राणी? कुठला देश? भारतातल्या जनावरांत लाळ्या-खुरकूत आहे, म्हणून हे आत नेता येत नाही, असं सांगून त्यांनी पिशवी डब्यात टाकली. बोंबील आणि लोणचं परत दिलं. दंड नाही. जाहीर केलेलं नियमात बसलं नाही तर वस्तू जाते, लपवलेलं सापडलं तर दंड होतो. त्यांनी म्हशीचा आजार विचारला, माझं कूळ विचारलं नाही.

पण लगेच आरती ओवाळू नका. त्याच दालनात आमच्याच विमानातला एक दाढीवाला माणूस दोन लेकरांना घेऊन बसला होता. मी गेलो तेव्हा बसलेला, निघालो तेव्हाही बसलेला. आणि जात? बोंबलाचा वास आल्यावर पुण्याच्या मुलाने नाक दाबलं, ते अमेरिकेच्या हद्दीतच. 2023 साली सिॲटल शहराला जातीच्या भेदभावावर बंदी घालावी लागली. ही जात तिथे पोचली ती आपल्याच विमानांतून, आणि तिची तपासणी कुठल्याच यंत्रात होत नाही.

माझं विमान चुकलं. पाच नंबरच्या टर्मिनलवरून गाडीने दुसऱ्या टर्मिनलला जाईपर्यंत दरवाजा बंद झाला होता. सगळा प्रवास एकाच तिकिटावर होता म्हणून सकाळच्या विमानात फुकट जागा मिळाली. वेगवेगळी तिकिटं काढली असती तर नवीन तिकिटाचे पैसे कुठून आणले असते? यंदा जाणाऱ्या पोरांनो, दोनशे-चारशे रुपये वाचवायला तिकिटं तोडून घेऊ नका. मध्ये निदान तीन-चार तास ठेवा. इंग्रजी पत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. आणि पोचलात की आपला अनुभव लिहा. आपल्याला मामा नाही, आपणच एकमेकांचे मामा.

रात्र खुर्चीवर काढली. सकाळी आईला फोन लावला. पोचलास का, जेवलास का झाल्यावर तिने विचारलं, ‘चान्या नीट गेल्या ना?’

फेकल्या म्हटल्यावर गप्प झाली. मग म्हणाली, ‘तू सांगितलंस कशाला रं?’

लाळ्या-खुरकुताचं सांगितलं. तिने जन्मभर दुसऱ्यांची जनावरं राखली आहेत. एका साथीत पाटलाच्या दावणीची चार जनावरं तिच्या डोळ्यांसमोर बसली होती. ‘मग बराबर हाय त्यांचं,’ ती म्हणाली. ‘बोंबील तरी खा.’