कुर्ला ते बीकेसी, पेडल मारत!

कुर्ला वेस्टला उतरून बीकेसीतलं ऑफिस गाठणाऱ्यांना शेअर रिक्षाच्या रांगेबद्दल मी काय सांगणार? लोकलमधून बाहेर पडलात की खरी परीक्षा सुरू! मध्यंतरी पुण्याची मैत्रीण आठवडाभरासाठी माझ्याकडे आली होती. बीकेसीतच तिचं काम. रांग बघून म्हणाली, "अगं, तीन-चार किलोमीटर तर आहे. सायकलनं जाऊ या की!" बिल्डिंगमधून दोन सायकली मागून आणल्या. मी पक्की कुर्लेकर, पण पोटात गोळा आला होता माझ्याच.

रविवारी सकाळी आम्ही ट्रायल घेतली. नवख्यांसाठी ही पहिली टिप : रस्ता आधी रिकामा असताना ओळखून घ्या. कुठे खड्डा, कुठे गटाराची जाळी, सगळं कळतं. एलबीएस रोड आम्ही चक्क सायकल हातात धरून ओलांडला. त्यात लाज कसली?

मिठी ओलांडली आणि चित्रच पालटलं. रुंद, सरळ रस्ते. इथे २०११च्या सुमारास एमएमआरडीएनं खास सायकल ट्रॅक बांधला होता. पण त्यावर सायकलींपेक्षा गाड्यांचं पार्किंगच जास्त दिसायचं. २०२०मध्ये भाड्याच्या युलू ई-बाईक आल्या. २०२५मध्ये मात्र ट्रॅक काढून रस्ते रुंद करायचं ठरलं.

सोमवारी आम्ही ऑफिसला निघालो. मी भीतीनं अगदी कडेनं, पार्क केलेल्या गाड्यांना चिकटून चालवत होते. अचानक एका गाडीचं दार उघडलं. ब्रेक लागला म्हणून वाचले! मैत्रीण मात्र गाड्यांपासून हातभर अंतर ठेवून, सरळ रेषेत चालली होती. "कडेला दडलीस की तू कुणाला दिसत नाहीस," ती म्हणाली. मग मीही तसंच केलं. वळण्याआधी मागे बघायचं, हात दाखवायचा, बसच्या डावीकडून घुसायचं नाही. आणि मागचे चक्क थांबले हो!

नेदरलँड्समध्ये गाडीचं दार लांबच्या हातानं उघडायला शिकवतात. म्हणजे आपल्याकडच्या ड्रायव्हरनं डाव्या हातानं. त्यामुळे मान आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते. तो देशही काही जन्मतः सायकलवेडा नव्हता. १९७१मध्ये तिथे रस्त्यांवर चारशेहून जास्त मुलं दगावली, लोक चिडून रस्त्यावर उतरले आणि तेव्हा कुठे सायकलींना जागा मिळाली.

आपल्याकडे ट्रॅक आला आणि जायची वेळ आली, कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. कारण तेव्हा मी रिक्षाच्या रांगेत उभी होते.

मैत्रीण पुण्याला परतली. शेजारच्यांची सायकल अजून माझ्याकडेच आहे. उद्या पुढे-मागे दिवे लावून घेतेय. ऑफिसमधून निघायला अंधार होतो ना!