छकुलीला काम दे

भिगवण,
डिसेंबर

चि. सोनू हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. छकुली दोन वर्षांची झाली, दिवसभर घर डोक्यावर घेते आणि मोबाइल हातात दिल्याशिवाय तुला स्वयंपाक उरकू देत नाही. घरच्या घरी करता येतील असे खेळ सुचव म्हणालीस. फोनवर सांगता आलं असतं, पण कागद घरात राहतो आणि जावईबापूंच्याही हाती पडतो, म्हणून पत्र.

अंगणवाडीत जन्म गेला माझा. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे, ती आधी सांगते. या वयाच्या मुलाला वस्तू बनवायची नसते. त्याला ओतायचं असतं, फाडायचं असतं, दाबायचं, भरायचं आणि परत रिकामं करायचं असतं. तू पाठवलेल्या व्हिडिओत मुलांच्या तळव्यांना गुलाबी रंग लावून कागदावर ठसे घेतलेत आणि त्यांना मान, चोच, पाय काढून रोहित पक्षी केलेत. दिसतात सुरेख. पण त्यात पोराने काय केलं? हात धरून दिला. तो पक्षी आईचा झाला. छकुलीला तळहाताला लागलेला गार, बुळबुळीत रंग हवा असतो. तो कागदावर फासू दे तिला मनसोक्त, चोच काढायला जाऊ नकोस.

आता पाण्याचं. शेजारच्या घरी छकुलीएवढाच नातू आहे. परवा ओट्यावर त्याच्यापुढे परात, तांब्या आणि दोन वाट्या ठेवल्या. पहिल्यांदा त्याने तांब्या उंच धरला, पाणी वाटीच्या पलीकडे पडलं. त्याने ओल्या फरशीवर हात फिरवला, वाटीत डोकावून पाहिलं, मग तांब्याचं तोंड वाटीच्या काठाला टेकवलं आणि हळूच कलता केला. वाटी भरली. लगेच ओतून दिली आणि पुन्हा भरायला घेतली. किती वेळ! आजी मधेच म्हणाली, "बास आता." मी तिला थांबवलं. त्या पुन्हा पुन्हा करण्यातच मनगट तयार होतं आणि उद्या पेन्सिल धरायची ती याच मनगटाने. फक्त बादली किंवा टब नको. परातीत चार बोटं पाणी पुरे. तू शेजारी बसायचं आणि खेळ संपला की पाणी तिथल्या तिथे ओतून टाकायचं. एवढ्या लहान मुलांना थोडं पाणीही घातक ठरू शकतं.

कागद फाडणं हा दुसरा खेळ. आपल्या गावात कागदाचा कारखाना असल्यामुळे मला त्याचं विशेष प्रेम. छकुली आधी कागद दोन्हीकडे ओढेल, तो फाटणार नाही. एक हात पुढे आणि एक मागे न्यायचा असतो, ते तिचं तिला सापडू दे. यंत्रावर कागद ज्या दिशेने धावतो, त्या दिशेने त्यातले धागे निजतात. म्हणून वर्तमानपत्र एकीकडून सरळ पट्टी होऊन येतं, दुसरीकडून वेडंवाकडं फाटतं. तिला हे सांगायचं नाही, पण बोटांना ते कळतं. पट्ट्या टोपलीत भरायच्या, डोक्यावर उधळायच्या, परत गोळा करायच्या. गोळा करणं हाही खेळच, ते काम तू करून टाकू नकोस.

भेंडी आडवी कापलीस की फूल मिळतं. देठाकडचा भाग तिच्या मुठीत दे. ताटलीत ओलं फडकं, त्यावर हळदीचं पाणी किंवा बिटाचा रस, आणि पुढे जुना कागद. कपड्यांवर डाग पडतील, ते पडू देत. कणकेचा गोळा तर रोजचाच आहे. तू पोळ्या लाटताना तिच्यापुढे छोटं पोळपाट ठेव. कच्ची कणीक तोंडात घालायची नाही एवढं सांगत राहा.

सगळ्यात चांगले खेळ मात्र खेळ नसतातच. बाजारातून आलेली पिशवी ओतायची, कांदे एका टोपलीत, बटाटे दुसऱ्या टोपलीत. मोज्यांच्या जोड्या लावायच्या. वाळलेल्या कपड्यांचे मोठे चिमटे डब्यात टाकायचे. तुझं काम थोडं लांबेल, पण तिला आपण घराच्या उपयोगी पडतो हे जाणवतं आणि तिची भुणभुण तिथेच निम्मी होते. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी, नाणी एवढ्यात नकोत. घशात किंवा नाकात जायला क्षण लागत नाही. खेळण्यातल्या बटणासारख्या बॅटरीला तर अजिबात हात लागू देऊ नकोस.

हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीबाईंची साधनं महाग, आदिवासी पाड्यावर ती कोण विकत घेणार? या बायांनी शिंपले, खडे, पानं, बिया गोळा केल्या आणि त्यांवर शिक्षण उभं केलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. सरकारची अंगणवाडी योजना आली ती त्यानंतर, १९७५ मध्ये, २ ऑक्टोबरला. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. पण शहरातल्या फ्लॅटमध्ये त्यांची आठवण कुणाला राहिली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. हजार-दोन हजारांची 'शैक्षणिक' खेळणी घेण्याआधी स्वयंपाकघराचा खालचा कप्पा तिच्यासाठी मोकळा कर. स्टीलचे डबे, झाकणं, लाकडी चमचा, गाळणी एवढं त्यात ठेव.

मोबाइलबद्दल तुला बोलणार नाही. एकटीने घर आणि नोकरी ओढणं काय असतं ते मी जाणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, त्याहून कमी झाला तर उत्तम. तेव्हा सगळा बंद करायला धडपडू नकोस. स्वयंपाकाच्या वेळेचा तेवढा काढ आणि त्या वेळात तिला कांदे-बटाटे दे.

आणि एकदा इकडे ये. धरणाच्या पाण्यावर रोहित आले आहेत, कुंभारगावाहून नाव मिळते. पण माझा भरवसा काठच्या काळ्या चिखलावर जास्त आहे. त्याचे गोळे, पोळ्या, बैल, जे तिच्या हातून होईल ते होऊ दे, आणि बैलासारखं दिसलं नाही तरी तू शिंगं लावून देऊ नकोस. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी, भिगवणला थांबणारी गाडी बघ, स्टेशनवर मी येते. येताना खेळणी आणू नकोस. डाग पडले तरी चालतील असे दोन-तीन जुने फ्रॉक मात्र आठवणीने आण.

तुझी,
आत्या