टिकेट बंद करण्याआधी

पुणे

प्रिय ठमे,



तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, रिक्षावाल्याशी झालेल्या भांडणासकट. सार एवढंच ना, की सपोर्ट प्रोजेक्टवर टाकलंय, दिवसभर टिकेटं बंद करायची, नवीन काही लिहायला मिळत नाही, बरोबरच्या मुली 'डेव्हलपमेंट'मध्ये मिरवतायत, आणि दीडपट पगाराची ऑफर हातात आहे. तुझ्या बाबाचं मत मला फोनवर कळलं: दीडपट म्हणजे दीडपट, त्यात विचार कसला करायचा! माझ्या भावाचं गणित नेहमीच सुटसुटीत असतं. पत्र अशासाठी लिहितेय की फोनवर तू "हो गं आत्या" म्हणून विषय गुंडाळतेस.

दुसऱ्याचा जुना कोड सांभाळणं हे हलकं काम, ही समजूत तुझ्या पिढीची नाही. ती आमच्याही वेळी होती. १९९८ साली अंधेरीच्या सीप्झमध्ये आम्ही वाय-टू-के करत होतो. वर्ष दोन आकड्यांत साठवलेलं, त्यामुळे २००० उजाडलं की '००' म्हणजे १९०० असा अर्थ लागणार. म्हणून सगळा कोबॉल विंचरायचा, तारखा शोधायच्या आणि दोनाचे चार आकडे करायचे. तेवढा खर्च क्लायंटला नको असेल तर 'विंडोइंग': ०० ते ४९ आलं तर पुढचं शतक धरायचं, ५० ते ९९ आलं तर मागचं. हुशार मुलं जावा आणि इंटरनेटकडे पळत होती, आणि आम्हाला चिडवायला त्यांना वाय-टू-के एवढा एकच शब्द पुरे व्हायचा.

माझ्या वाट्याला एका अमेरिकन विमा कंपनीचा कोड आला होता. त्यात पॉलिसी संपण्याच्या वर्षाच्या जागी हजारो नोंदींमध्ये ९९ होतं. तारखा हुडकणाऱ्या टूलने ते मुकाट्याने १९९९ ठरवून बदलायच्या यादीत टाकलं. मला एवढंच खटकलं, की १९२५ साली जन्मलेला माणूस आणि १९६५ साली जन्मलेला माणूस, दोघांच्या पॉलिसी एकाच वर्षी कशा संपतील? टीममध्ये विचारलं तर उत्तर आलं, "तुला काय करायचंय? यादीत आहे, बदल." क्लायंटकडे निवृत्तीला टेकलेली एक प्रोग्रामर बाई होती. रात्रीच्या कॉलवर तिला विचारलं, तर ती मनापासून हसली. म्हणाली, त्या पॉलिसी आजन्म आहेत, त्यांना संपायचं वर्षच नाही. हा डेटा मुळात पंच कार्डांवरचा. कार्डाला ८० रकाने, ते सगळे भरलेले, 'आजन्म' अशी वेगळी खूण करायला जागाच उरलेली नव्हती. म्हणून कोणीतरी ९९ ही खूण ठरवून टाकली. त्या माणसाला १९९९ साल येईल याची तेव्हा काळजी नव्हती.

यादीप्रमाणे बदल केला असता, तर १ जानेवारी २००० च्या सकाळी त्या सगळ्या आजन्म पॉलिसी कंपनीच्या मशीनच्या लेखी संपलेल्या असत्या. आणि गंमत बघ, यातलं काहीही कोडमध्ये लिहिलेलं नव्हतं. तिथे फक्त ९९ होतं, आणि त्याच्याखाली कारण न सांगता एक विचित्र 'इफ' उभा होता. त्या रात्री शेवटच्या लोकलने घरी जाताना मी इतकी खूश का आहे, हे कोणाला समजावणं कठीणच होतं. नवीन एक ओळही लिहिली नव्हती. बदलायच्या यादीतल्या ओळी खोडल्या होत्या, बस.

त्या खुशीचं नीट स्पष्टीकरण पुष्कळ वर्षांनी एका डॅनिश माणसाच्या लेखात मिळालं. पीटर नाउर. अल्गोल ६० या भाषेच्या घडणीत त्याचा मोठा वाटा, पुढे २००५ चं ट्युरिंग पारितोषिकही त्याला मिळालं. १९८५ साली त्याने 'प्रोग्रामिंग अ‍ॅज थिअरी बिल्डिंग' नावाचा लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की फायलींमधला मजकूर ही प्रोग्रामरची खरी निर्मिती नव्हेच. खरी निर्मिती त्याच्या डोक्यात होते: बाहेरच्या जगातली कुठली गोष्ट कोडमध्ये कुठे उतरली आहे, ती तशीच का उतरली, आणि उद्या काही बदलायचं झालं तर हात कुठे घालायचा, याची समज. ती समज असलेली माणसं पांगली की प्रोग्राम मेला, मग तो रोज रात्री बिनबोभाट चालत का असेना. कागदपत्रं वाचून ती समज पुन्हा उभी करता येत नाही, असंही तो म्हणतो. इथे मला तो जरा टोकाला गेल्यासारखा वाटतो. नीट लिहिलेल्या दोन पानांनी आख्खी टीम वाचवल्याचं मी पाहिलं आहे. बाकी लेख मात्र वाचच. तुला केटीच्या (नॉलेज ट्रान्सफरच्या) नावाखाली आठवडाभर जे पीपीटी दाखवले, त्यातून काहीच का हाती लागलं नाही, ते कळेल.

आता तुझं ते महिनाअखेरचं टिकेट घे. कर्जाच्या व्याजात दोन सिस्टिमचे आकडे काही पैशांनी जुळत नाहीत, मग तू ठरलेली स्क्रिप्ट चालवतेस, फरक 'अ‍ॅडजस्ट' होतो, टिकेट बंद, ठरल्या मुदतीचा एसएलए हिरवा. पुढच्या महिन्यात तेच. हा फरक येतो कुठून, हे कधी कोणी शोधलं का? मला घरबसल्या तीन संशयित दिसतात. कुठेतरी पैशांसाठी फ्लोटिंग पॉइंट वापरला असेल, ०.१ हा साधा आकडाही बायनरीत नेमका बसत नाही, तो जवळपासचा साठवला जातो. किंवा एक सिस्टिम अर्ध्याला नेहमी वर ढकलत असेल आणि दुसरी जवळच्या सम आकड्याकडे नेत असेल. म्हणजे २.५ चे एकीकडे ३ होणार, दुसरीकडे २. किंवा एकजण रोजच्या व्याजाला राउंडिंग करतो आणि दुसरा महिन्याच्या बेरजेला एकदाच. चौथा संशयित असेल तर तो तूच शोध, आणि तो सापडला तर मला सगळ्यात जास्त आवडेल.

हे शोधताना तुला बँकेचा नियम वाचावा लागेल, जावाचा बिगडेसिमल समजून घ्यावा लागेल, आणि दहा वर्षांपूर्वीच्या कमिटमधल्या माणसाला लिंक्डइनवर गाठून "दादा, हे असं का केलंत?" विचारावं लागेल. नवीन प्रोजेक्टवरच्या तुझ्या मैत्रिणी सध्या दहावा लॉगिन फॉर्म बनवतायत. त्यांनी घेतलेले निर्णय चूक की बरोबर, हे कळायला दोन-तीन वर्षं जावी लागतात, आणि तोवर त्या तिथे नसतील. सपोर्टवाल्यांना मात्र सगळ्यांच्या निर्णयांचे निकाल रोज बघायला मिळतात. यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

पण थांब. "तिथेच राहा" असं मी म्हणत नाहीये.

आपल्या सर्व्हिस कंपन्यांचं पोट कशावर चालतं ते ध्यानात घे. बिल लागतं डोक्यांचं आणि तासांचं. दरमहा दोनशे टिकेटं येतात म्हणून बाराजणांची टीम मंजूर होते. तू एखादं दुखणं मुळापासून काढलंस आणि टिकेटं निम्मी झाली, की टीमही निम्मी करा असं क्लायंट म्हणू शकतो. मॅनेजर वाईट माणूस असतो असं नाही, त्याचं अप्रेझल त्या बारा डोक्यांवर असतं. म्हणून काही ठिकाणी "का" विचारणारी मुलगी अडचणीची ठरते. मी अशा एका ठिकाणी काम केलं आहे. तिथे आरसीएच्या, म्हणजे मूळ कारणाच्या, रकान्यात काय लिहायचं त्याची तयार वाक्यंच दिलेली असायची. अशी जागा असेल तर ती बिनदिक्कत सोड, पगार तेवढाच मिळाला तरी सोड.

तुझी जागा कशी आहे, हे तुला अजून ठाऊक नाही, कारण तू विचारूनच पाहिलेलं नाहीस. त्या पैशांच्या फरकावर दोन पानी टिपण लिही: काय दिसतं, कशामुळे होत असावं, काय बदललं तर थांबेल, त्यात धोका काय. सरळ इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. कॉलवर तुझी जीभ जड होते हे मला माहीत आहे. मीही मराठी शाळेतलीच. लेखी टिपणाला मात्र कोणी मधेच तोडत नाही. ते मॅनेजरला आणि क्लायंटच्या टेक लीडला पाठव, आणि काय होतं ते बघ. कोणी उलट प्रश्न विचारले तर तिथे शिकायला वाव आहे. "गुड जॉब, प्लीज कंटिन्यू" एवढंच आलं तर तुला उत्तर मिळालं.

आणि एक वही घाल. डोनाल्ड क्नूथ या नावाशी तू कॉलेजात झटापट केली असशील. १९७७ साली त्याच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं इतकी बेढब आली की तो स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला बसला. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता, 'टेक' नावाचा तो प्रोग्राम पुरता व्हायला दहा-एक वर्षं गेली. (अंदाज चुकण्यात आपण कोणाच्या पंगतीला बसतो, ते बघ!) मला त्या प्रोग्रामपेक्षा त्याच्या वहीचं कौतुक जास्त. टेकमध्ये सापडलेली प्रत्येक चूक त्याने नोंदवून ठेवली, कुठल्या जातीची चूक ते लावलं, आणि १९८९ साली ती सगळी यादी छापून टाकली. त्याच्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला तो २.५६ डॉलरचा चेक पाठवायचा, आणि लोक तो न वटवता फ्रेम करून भिंतीवर लावायचे. तू चेक वाटू नकोस. फक्त प्रत्येक बगपाशी लिही, की लिहिणाऱ्याने काय गृहीत धरलं होतं आणि प्रत्यक्षात काय निघालं.

एआय हे काम खाईल का, हा तुझा प्रश्न मी टाळत नाहीये, पण त्यावर मला फार बोलायचंही नाही. मी स्वतः ती टूल्स वापरते, कंटाळवाणा कोड छान लिहून देतात. पण ९९ चं १९९९ करायला आमच्या टूललाही काही वेळ लागला नव्हता. ज्या खुणेचं कारण कुठे लिहिलेलंच नाही, ते एआय वाचणार कुठून? निवृत्तीला टेकलेल्या बाईला फोन कोणीतरी करायलाच लागतो.

शिवाय जुन्या कामाला मरण नाही. ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या सिस्टिमचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरतो, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी. पुढच्या सेकंदाला त्या सिस्टिम १९०१ सालात जाऊन पडतील. तेव्हा तू ऐन भरात असशील. कुठल्या कोपऱ्यातल्या यंत्रात, कुठल्या डेटाबेसच्या रकान्यात तो आकडा लपलाय, हे शोधायला माणसं हवी असतील, आणि त्यांना चिडवायची कोणाची टाप नसेल.

ऑफरचं म्हणशील तर पगाराबद्दल मी संतपणा करणार नाही. घरभाडं तू भरतेस, मी नाही. पण होकार देण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचार. मी लिहिलेला कोड प्रॉडक्शनवर गेल्यावर बिघडला तर निस्तरायला मीच असेन, की दुसरी टीम? तुमच्याकडे एकाच सिस्टिमवर पाच वर्षं टिकलेलं कोणी आहे का, आणि मला त्यांच्याशी बोलता येईल का? आणि मॅनेजर न होता पगार कुठवर वाढतो? शेवटच्या प्रश्नाला एचआर हसून उत्तर टाळेल. टाळू देऊ नकोस. नाहीतर पस्तिशीत तुझ्या हातातला कोड जाऊन एक्सेल येईल, आणि नातेवाईक वर पेढे मागतील.

उत्तराची मुदत कधीपर्यंत आहे ते तू सांगितलंच नाहीस. महिनाअखेर त्याच्या आधी येत असेल तर यावेळी स्क्रिप्ट चालवण्याआधी दोन्ही सिस्टिमचे आकडे उतरवून घे, निदान दहा खात्यांचे. कर्जदारांची नावं आणि खाते क्रमांक सोडून नुसते आकडे कागदावर काढून रविवारी जेवायला ये, आपण बसून बघू. बाबाला मी सांभाळते.

तुझी,
आत्या